घरबसल्या रसायनशास्त्र : स्वस्त सर्टिफिकेट आणि इंग्लंडचे बदलते नियम



गणपती असो, कोजागिरी असो की दिवाळी, क्रॉयडनमध्ये चार मराठी कुटुंबे एकत्र जमली की जेवणानंतरच्या गप्पा तीन विषयांवर येतातच. पहिला, मुलांच्या शाळा, म्हणजे अर्थात शेजारच्या सटनमधल्या ग्रामर शाळांची परीक्षा. दुसरा, व्हिसा. आणि तिसरा, "मग तू पुन्हा काही शिकायचं ठरवलंस का?" हा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा त्यांना विचारला जातो, जे जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आले. त्यात स्त्रिया जास्त आणि अलीकडे काही पुरुषही आहेत. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, कोल्हापूरहून रसायनशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी केलेली ही माणसे. एकाने रोज ईस्ट क्रॉयडनहून गाडी पकडून लंडन ब्रिज गाठायचे आणि दुसऱ्याने मुलांची शाळा सांभाळून दुकानात अर्धवेळ काम करायचे, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरचे आहे.

अशा वेळी संगणकावर एक जाहिरात दिसते. नैसर्गिक विज्ञान किंवा रसायनशास्त्र यांतले 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट', घरबसल्या, आपल्या सोयीच्या वेगाने आणि परवडणाऱ्या फीमध्ये. घ्यावे का? या प्रश्नाचे उत्तर त्या अभ्यासक्रमाच्या दर्जावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच इंग्लंडच्या सरकारी नियमांवरही आहे. हे नियम नेमके आत्ता बदलत आहेत, म्हणून या वेळी हा विषय जरा सविस्तर.

आधी नावाचा घोळ

'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' या शब्दाचा अर्थ अमेरिकेत एक आणि इंग्लंडमध्ये दुसरा आहे. अमेरिकेत ते पदवीनंतरचे, म्हणजे मास्टर्सच्या दर्जाचे शिक्षण. तिथे कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे तर त्या विषयातले १८ पदव्युत्तर क्रेडिट्स असावेत अशी पद्धत बराच काळ रूढ आहे, आणि त्यामुळे अशा छोट्या सर्टिफिकेटना तिथे मोठी मागणी आहे. जाहिराती बहुतेक तिकडच्या असतात.

इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या आठ पातळ्या मानतात. पदवीचे शेवटचे वर्ष ही सहावी पातळी, मास्टर्स ही सातवी, पीएचडी ही आठवी. इथले 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' सहाव्या पातळीवरचे असते. एका विषयातल्या पदवीधराने दुसऱ्या विषयाची ओळख करून घ्यावी यासाठी ते आहे. सातव्या पातळीवरच्या सर्टिफिकेटला 'पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट' म्हणतात. ते साधारण ६० क्रेडिटचे, तर पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, तो थेट आपल्या खिशाशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठी सरकारी कर्ज मिळते, पण ते पूर्ण मास्टर्सला. सुट्या पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेटला ते मिळत नाही. नवी कर्जयोजना मुख्यतः चौथ्या ते सहाव्या पातळीपर्यंतच आहे. म्हणजे सातव्या पातळीचे छोटे सर्टिफिकेट घ्यायचे तर पैसे आपलेच.

दुसऱ्यांदा शिकणाऱ्यांचे काय झाले?

घरी बसून शिकायची कल्पना या देशाला नवी नाही. ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती, आजही साधारण तीच पद्धत आहे. सुरुवातीच्या काळात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगांचे साहित्य खोक्यात भरून घरी पाठवले जाई, त्यात एक छोटासा मॅकआर्थर सूक्ष्मदर्शकही असे. बीबीसीवर रात्री उशिरा लागणारी त्यांची व्याख्याने इथल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. ती २००६ च्या अखेरीस बंद झाली.

याच धर्तीवर भारतात १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आपल्या ओळखीचेच आहे. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तेव्हा मुक्त शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, ही समजूत निदान आपण तरी बाळगू नये.

पण इंग्लंडमध्ये २००७ मध्ये एक निर्णय झाला. ज्याच्याकडे आधीच पदवी आहे त्याने त्याच किंवा खालच्या पातळीची दुसरी पदवी घेतली, तर त्याच्यासाठी विद्यापीठाला मिळणारे अनुदान २००८-०९ पासून काढून घेण्यात आले. वर्षाला सुमारे १० कोटी पौंड वाचवण्याचा तो बेत होता. मोठा फटका बसला तो ओपन युनिव्हर्सिटीला आणि संध्याकाळी वर्ग भरवणाऱ्या बर्कबेक कॉलेजला. पुढे २०१२ मध्ये फी वाढली आणि ओपन युनिव्हर्सिटीत १२० क्रेडिटना, म्हणजे पूर्णवेळच्या एका वर्षाइतक्या अभ्यासाला, ५,००० पौंड पडू लागले. आज हा आकडा ७,००० च्या पुढे गेला आहे. या सगळ्याचा परिणाम असा की २०१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत इंग्लंडमधल्या अर्धवेळ पदवी विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली.

आपल्या लोकांना हा नियम जास्त जाचला. कारण 'आधीची पदवी' म्हणताना मुंबई विद्यापीठाची बीएस्सीही धरली जाई. भारतात आईवडिलांच्या पैशाने शिकलेल्या मुलीला इंग्लंडच्या तिजोरीतून एक पैही मिळालेली नसते. तरी तिला सांगण्यात येई की तुझा वाटा संपला.

पुढे सरकारला विज्ञान आणि तंत्रज्ञानातली माणसे कमी पडू लागली. २०१५-१६ मध्ये अभियांत्रिकी, संगणक वगैरे विषयांच्या आणि २०१७-१८ पासून विज्ञानाच्या इतर विषयांच्याही अर्धवेळ पदवीसाठी ही अट सैल झाली. त्यात रसायनशास्त्र आले. मात्र लक्ष्य पूर्ण पदवीचे ठेवावे लागे. एमएस्सी झालेल्या बाईंनी एक-दोन विषय ताजे करण्यासाठी पुन्हा सगळी बीएस्सी करायला निघावे, हे कुणालाच पटणारे नव्हते.

आता नवे काय?

२०२३ मध्ये पार्लमेंटने एक कायदा केला आणि त्यातून 'लाइफलाँग लर्निंग एंटायटलमेंट' ही योजना आकाराला आली. सरकारने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार सप्टेंबर २०२६ पासून अर्ज आणि जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना पैसे, असा क्रम आहे. प्रत्येकाला चार वर्षांच्या शिक्षणाइतके कर्ज घेण्याचा हक्क मिळेल. २०२५-२६ च्या दराने ही रक्कम ३८,१४० पौंड होते. वयाची मर्यादा ६० वर्षे.

आपल्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, 'आधीची पदवी आहे म्हणून नाही' ही जुनी अट या योजनेत काढून टाकण्याचे धोरण आहे. आपली शिल्लक किती, हे पूर्वी इथे घेतलेल्या सरकारी मदतीवरून ठरवण्याचा त्यामागचा विचार आहे. भारतात स्वखर्चाने शिकलेल्यांना याचा फायदा व्हायला हवा. तरी अर्ज करताना आपली स्वतःची शिल्लक लेखी तपासून घ्यावी.

दुसरी, पूर्ण पदवीऐवजी सुट्या मॉड्यूललाही कर्ज मिळेल. त्यासाठी किमान ३० क्रेडिटची अट आहे.

तिसरी, सुटी मॉड्यूल सुरुवातीला सगळ्याच विषयांत मिळणार नाहीत. सरकारने निवडक विषयांची यादी केली, आणि त्या यादीत संगणक, अभियांत्रिकी, गणित, भौतिकशास्त्र यांच्या जोडीला रसायनशास्त्रही आहे.

म्हणजे वीस वर्षांनी दार उघडत आहे आणि ते आपल्या विषयाला उघडत आहे. मग अडचण काय?

अडचण व्हिसाची. इंग्लंडमधले विद्यार्थी-कर्ज साधारणपणे त्यांनाच मिळते ज्यांना इथे कायम राहण्याची परवानगी आहे आणि जे तीन वर्षे इथे राहिले आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या कुटुंबाला ही परवानगी पाच वर्षांनी मिळे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत साधारणपणे दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावरची चर्चा आपण वृत्तपत्रांत वाचतोच, आणि आपल्या वेलस्ली रोडवरच्या लूनर हाऊसकडे तर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. पण या चर्चेत पासपोर्ट, घराचे कर्ज, मुलांची विद्यापीठाची फी यांचा उल्लेख होतो. घरातल्या दुसऱ्या पदवीधराचे शिक्षणही त्यावरच अडलेले आहे, हे कुणी बोलत नाही.

हिशेब साधा आहे. तिसाव्या वर्षी इथे आलेली रसायनशास्त्राची एमएस्सी पाच वर्षे थांबली, तर पस्तिसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करू शकते. दहा वर्षे थांबली, तर चाळिसाव्या वर्षी. तोवर तिच्या प्रयोगशाळेतल्या कामाला दहा वर्षांची खंड पडलेली असेल. एका खात्याने म्हणायचे की देशाला रसायनशास्त्र येणारी माणसे हवीत, आणि दुसऱ्या खात्याने तीच माणसे दहा वर्षे घरी ठेवायची, असा हा कारभार आहे. ही विसंगती मंडळांनी, आपापल्या खासदारांना लिहिताना, नेमकेपणाने मांडायला हवी.

स्वस्तात काय मिळते?

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना इथे शिकायला आणि काम करायला मोकळीक असते. फक्त रसायनशास्त्रातल्या काही पदव्युत्तर, विशेषतः संशोधनाच्या, अभ्यासक्रमांना परदेशी नागरिकांना 'अटास' नावाची सुरक्षा-मंजुरी आधी घ्यावी लागते. ती फुकट असते, पण तिला अनेक आठवडे लागतात. विद्यापीठाला प्रवेशाआधीच विचारावे.

खरोखर फुकट आणि आपल्या वेगाने शिकायचे असेल तर ओपन युनिव्हर्सिटीचे 'ओपनलर्न' २००६ पासून चालू आहे. भारतातल्या आयआयटींचे 'एनपीटेल' त्याहून वरच्या पातळीचे आहे. सेंद्रिय रसायन, वर्णपटशास्त्र, पुंज रसायन, जे हवे ते आहे आणि व्याख्याने पाहायला पैसे नाहीत. त्याच्या सर्टिफिकेटची परीक्षा मात्र भारतातल्या केंद्रावर बसून द्यावी लागते, तेव्हा सुट्टीच्या तारखा जुळवाव्या लागतील.

ओपन युनिव्हर्सिटीची मॉड्यूल याहून महाग आहेत, पण त्यांची क्रेडिट्स इथे सर्वत्र समजतात. एक लक्षात ठेवा, ती पूर्णपणे 'आपल्या वेगाने' नसतात. सुरुवात ठरलेल्या महिन्यात, बहुधा ऑक्टोबरमध्ये, आणि गृहपाठ ठरलेल्या तारखेला. लहान मुले असलेल्या घरात हे जाचक वाटते. पण ठरलेली तारीख नसली की अभ्यास मागे पडतो, हाही अनेकांचा अनुभव आहे.

प्रयोगशाळेचे काय करायचे?

इतिहास किंवा गणित घरबसल्या पूर्ण शिकता येते, रसायनशास्त्र तसे येत नाही. या विषयाचे अर्धे ज्ञान हातात असते. कमला सोहोनी, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजमधून पीएचडी मिळवली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवून दिले. त्या कामाची सुरुवात बटाट्यावरच्या प्रयोगांनी झाली. बटाटा घरात असतोच, पण बाकीचे सगळे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत होते. प्रवेशासाठी त्यांचा झगडा होता तो त्या टेबलापाशी उभे राहण्यासाठीच.

आज घरी प्रयोग करायला कायदाही आड येतो. १२ टक्क्यांहून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्ल, १५ टक्क्यांहून तीव्र गंधकाम्ल, ही या देशात सामान्य नागरिकाला परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ओपन युनिव्हर्सिटीने यावर दूरनियंत्रित प्रयोगशाळेचा मार्ग काढला आहे. खरी उपकरणे तिकडे, आपण घरून चालवायची. इग्नूच्या बीएस्सीत प्रात्यक्षिकांसाठी भारतातल्या केंद्रात हजर राहावे लागते. म्हणून कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : प्रात्यक्षिक कुठे आणि किती तास? उत्तर 'नाही' असेल तर ते सर्टिफिकेट वाईट ठरत नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी ते एकटे पुरणार नाही.

नोकरीच्या वाटा

शाळेत शिकवणे ही आपल्यासाठी सर्वांत मोकळी वाट आहे. विज्ञानाच्या शिक्षकांची इथे अनेक वर्षे टंचाई राहिली. २०२३-२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या प्रशिक्षणाला उद्दिष्टाच्या जेमतेम १७ टक्के उमेदवार आले.

ज्यांनी भारतात बीएड करून विज्ञान शिकवले आहे, त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून एक सरळ मार्ग खुला झाला. ११ ते १६ वयाच्या मुलांना विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना इंग्लंडचा 'क्यूटीएस' हा दर्जा थेट मागता येतो. अर्जाला फी नाही. किमान एका वर्षाचा अनुभव आणि इतर कागदपत्रे लागतात. ही गोष्ट आपल्याकडे अजून फार जणांना माहीत नाही. अशांनी सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी हा अर्ज पाहावा.

बीएड नसेल तर शिक्षक-प्रशिक्षणाला अर्ज करावा. तिथे सशर्त प्रवेश मिळाल्यावर विषय ताजा करण्यासाठी 'एसकेई' नावाचा सरकारी खर्चाचा, बहुतांशी ऑनलाइन अभ्यासक्रम मिळू शकतो. तो ८ ते २८ आठवड्यांचा, आणि पात्र असल्यास वर आठवड्याला १७५ पौंड. २०२४ मध्ये सरकारने तो पाच विषयांपुरता मर्यादित केला, त्यात रसायनशास्त्र राहिले. यंदाची यादी अर्जाआधी पाहून घ्यावी. 'स्वस्त, आपल्या वेगाने, रसायनशास्त्र' या तिन्ही अटी याच्याइतक्या दुसरे काही क्वचितच पूर्ण करते.

बर्सरीचा नियम मात्र नीट वाचावा. २०२५-२६ मध्ये रसायनशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींना २९,००० पौंडांची करमुक्त बर्सरी होती, पण ती प्रामुख्याने इथे कायम झालेल्यांसाठी. परदेशी नागरिकांना ती फक्त भौतिकशास्त्र आणि भाषांसाठी देण्यात आली. आपल्या बीएस्सीत पहिली दोन वर्षे भौतिक, रसायन आणि गणित असे तीन विषय अनेकांना होते. अशांनी एसकेईचा आधार घेऊन भौतिकशास्त्राच्या बाजूने अर्ज करता येईल का, हे प्रशिक्षण केंद्राला जरूर विचारावे.

दुसरी वाट रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची. क्रॉयडन, किंग्स्टन आणि सेंट जॉर्जेस या रुग्णालयांची तपासणी-सेवा एकत्र चालते, म्हणजे काम घराजवळ आहे. बायोमेडिकल सायंटिस्ट व्हायला एचसीपीसीची नोंदणी लागते. त्यासाठी आयबीएमएस ही संस्था आपली पदवी तपासून नेमके कुठले विषय कमी आहेत ते लेखी कळवते. ती यादी हातात आल्यावर तेवढीच मॉड्यूल करायची. इथे छोट्या अभ्यासक्रमाचे खरे चीज होते. यादी येण्याआधी घेतलेले सर्टिफिकेट वाया जाऊ शकते.

मग काय करावे?

आमच्या मते क्रम असा असावा. आधी कुठली नोकरी हवी ते ठरवावे. मग यूके एनिककडून, म्हणजे पूर्वीच्या नॅरिककडून, आपल्या भारतीय पदवीची इथली पातळी काढून घ्यावी. नंतर ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांनाच, शाळा असो की आयबीएमएस, आपल्यात काय कमी आहे ते ईमेलने विचारावे. त्यानंतर सर्टिफिकेट निवडावे, आणि तेव्हाही पातळी, क्रेडिट आणि प्रात्यक्षिक हे तीन प्रश्न विचारूनच. मधल्या काळात ओपनलर्न किंवा एनपीटेल चालू ठेवावे. मुलाखतीत "गेली चार वर्षे काय केले?" या प्रश्नाला ते उत्तर होते. क्लॉकटॉवरमधल्या ग्रंथालयात आठवड्यातून दोन सकाळी बसले तरी पुष्कळ होते.

कायम राहण्याची परवानगी जवळ आली असेल तर मोठा खर्च नव्या कर्जयोजनेपर्यंत थांबवणे शहाणपणाचे. ती दूर असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. अशांनी फी नसलेल्या वाटा आधी पाहाव्यात.

आपल्यापैकी कुणी क्यूटीएस किंवा आयबीएमएसची प्रक्रिया पूर्ण केली असेल तर मंडळाला जरूर कळवावे. नव्याने आलेल्या एखाद्या घराला त्या अनुभवाचा मोठा आधार होईल. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ पाहावे, ही विनंती.